देशाची चौकशी

साहेबांनी त्या देशाचं नाव घेतलं तेव्हा तो मला दोनच ठिकाणांहून माहीत होता. एक शाळेतला भूगोल आणि दुसरी टीव्हीवरची बातमी. भूगोलात तिथे खजूर पिकायचा. बातमीत त्याच्या सीमेवर धूर दिसायचा. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथली माणसं माझ्याशी चांगली वागली, आणि नाव वाचलं की वाचणाऱ्याला आधी तो धूरच दिसेल.

आमची कंपनी औषधांच्या बाटल्यांना लेबल लावणारी यंत्रं बनवते. ऑफिस घोडबंदर रोडला आहे. यंत्र गिऱ्हाइकाच्या कारखान्यात बसवून झालं की ते चालवणाऱ्या माणसांना शिकवायला मी जाते. गुजरातेत, हिमाचलात, सिक्कीममध्ये जाऊन आले होते. परदेशात मात्र आमच्याकडून आजवर पुरुषच गेले होते.

"फोर्स नाहीये हं," साहेब म्हणाले. "तीन आठवड्यांचं काम आहे. सध्या तिकडे जरा टेन्शन आहे, तू वाचतेसच. घरी विचार, मग सांग. पण हे नीट झालं ना, तर पुढे बाहेरचे सगळे क्लायंट तूच बघायचेस."

घरी विचारते असं मी तोंडानं म्हणाले, मनात मात्र हो म्हणूनच केबिनमधून बाहेर पडले.

माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिपाई होते. शाळेची घंटा तेच द्यायचे. त्याच शाळेत मी शिकले, त्यांच्याच घंटेवर वर्गात गेले आणि बाहेर आले. आईच्या आणि आप्पांच्या, दोन्ही घरांत पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. विज्ञानाच्या सरांनी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेची किल्ली आप्पांच्या हातात ठेवून मला आत बसू दिलं नसतं, मुख्याध्यापक बाईंनी मला कॉलेजात पाठवायचं म्हणून आप्पांशी तासभर हुज्जत घातली नसती, तर मी आज कुठल्या यंत्राजवळ उभी राहिले नसते. त्यामुळे साहेब बोलत होते तेव्हा मला वाटत होतं की हे काम माझ्या एकटीकडे आलेलं नाही. नाही म्हणायचं तर त्या सगळ्यांच्या वतीनं नाही म्हटल्यासारखं होईल.

निवृत्तीनंतर आप्पा माझ्याकडे शहाडला राहायला आले. आई तेव्हा नव्हती. थोरली बहीण, ताई, आमच्याबरोबरच राहते. ती ब्लाउज शिवते. हॉलच्या खिडकीशी तिचं मशीन आहे. तिथून मुरबाडचा रस्ता दिसतो आणि त्यावरून आमच्या घाटाकडे जाणाऱ्या एसट्या दिसतात.

त्या संध्याकाळी आप्पांना वाढता वाढता मी सांगितलं. ताई मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज संपवत होती.

"कुठल्या अंगाला आला हा देश?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं.

"लांब हाय." मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते म्हणाले, "चौकशी करावी लागंल."

ताईचं मशीन थांबलं.

चौकशी हा शब्द आमच्या घरात साधा नव्हता. आमच्या भागात मुलगी द्यायची म्हटलं की बोलणी, बैठक वगैरे सगळं नंतर. आधी कुणीतरी त्या गावाला जाऊन येतं. हा माणूस ओळख देत नाही. एसटीतून उतरतो, चहा पितो, पिठाच्या गिरणीपाशी टेकतो, न्हाव्याकडे दाढी करून घेतो. मधेच सहज विचारतो, अमक्याचं कसं काय? जमीन बागायत की जिरायत, मुलगा पितो का, गोठ्यातल्या जनावरांच्या पाठी भरलेल्या आहेत का. आप्पा या कामात तालुक्यात नावाजलेले होते. शिपायाकडे कुणाचं लक्ष नसतं आणि शिपायाचं सगळ्यांकडे असतं, असं ते म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी लोक त्यांना मुद्दाम पाठवायचे.

ताईच्या वेळी त्यांनी स्वतःच चौकशी केली. सगळे चांगलं म्हणाले, आणि जे म्हणाले ते खरंही होतं. विहिरीला पाणी होतं. मुलगा सुपारीसुद्धा खात नव्हता. फक्त ते लोक सुनेला माहेरी पाठवत नसत. दिवाळीला पाठवू म्हणायचे, मग संक्रांतीला, मग सुगी झाल्यावर. आप्पा न्यायला गेले की पाहुणचार व्हायचा आणि आप्पा एकटेच परत यायचे. फोन सासूच्या कपाटात, कुलपात. मारहाण नव्हती, उपाशी ठेवणं नव्हतं, त्यामुळे तक्रार करायची तर काय म्हणून करायची, हेच कुणाला कळत नव्हतं. मग आई आजारी पडली. तिनं ताईला बघायचं म्हटलं. निरोपावर निरोप गेले. ताई आली ती दहाव्याला, दिराबरोबर, आणि त्याच दिवशी दिराबरोबर परत गेली.

पुढे एका पहाटे ती दुधाच्या गाडीत बसून निघून आली. त्याबद्दल ती फारसं बोलत नाही, मीही इथे जास्त लिहीत नाही. त्यानंतर आप्पांनी कुणाचीही चौकशी केली नाही. लोक घरी यायचे, आमच्या पोरीसाठी एकदा जाऊन या म्हणायचे. आप्पा म्हणायचे, "मला त्यातलं काही कळत नाही."

आणि आता इतक्या वर्षांनी तो शब्द त्यांनीच काढला होता.

"आप्पा, देशाची कसली चौकशी करताय?" मी हसत म्हणाले. "आता सगळं फोनवर असतं."

"तुझी तू कर. माझी मी करतो."

मी माझी केली. कंपनीची बस माजिवड्याला अडकली की तिथून लवकर हलत नाही. त्या वेळात मी आपल्या सरकारची सूचना वाचली. गरज नसेल तर प्रवास टाळावा, गेल्यास दूतावासात नाव नोंदवावं, गर्दीपासून दूर राहावं. मग दुसऱ्या देशांच्या सरकारांनी आपापल्या लोकांसाठी काढलेली पानं उघडली. त्यांनी नकाशा रंगवला होता. सीमेलगतचा पट्टा लाल, त्याच्या अलीकडे नारिंगी, बाकी पिवळा. आमच्या गिऱ्हाइकाचं शहर पिवळ्यात होतं. पिवळं म्हणजे काय, ते खाली लिहिलं होतं, पण तीनदा वाचूनही जावं की जाऊ नये हे मला त्यातून कळलं नाही.

मग सहज त्यांनी भारताबद्दल काय लिहिलंय ते बघितलं. तिथेही रंग होते. पाणी उकळून प्या, बायकांनी अंधार पडल्यावर एकटीनं फिरू नये, रस्ता ओलांडताना जपावं. खिडकीबाहेर माजिवड्याच्या पुलाखाली एक बाई भाजीची पिशवी आणि शाळेचं पोर सांभाळत, गाड्यांना हात दाखवत रस्ता ओलांडत होती. त्या पानाप्रमाणे आम्ही सगळेच रोज जपून राहायच्या जागी राहून जपून जायच्या जागी नोकरीला जात होतो.

आप्पांची चौकशी वेगळ्या रस्त्यानं चालली होती. ते कल्याणला एका ट्रॅव्हल एजंटाच्या दुकानात जाऊन बसले.

"काका, एकदम सेफ!" तो म्हणाला म्हणे. "आत्ताच एक आख्खा ग्रुप जाऊन आला. शॉपिंगला तर विचारूच नका. तुमचं पण काढू का तिकीट?"

"त्याला तिकीट इकायचंय," आप्पा घरी येऊन म्हणाले. "तो कसा नको म्हणंल?"

आमच्या बसचा ड्रायव्हर ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. त्याचे वडील तरुणपणी जहाजावर होते आणि त्यांचं जहाज त्या देशाच्या बंदराला लागायचं, असं मी घरी बोलता बोलता सांगितलं. पुढच्याच रविवारी आप्पा मला घेऊन तिथे हजर. म्हातारबाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी आप्पांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पोरीला धारताव काय तिकरं?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही. म्हटलं, तुम्ही देश बघितलाय, तुम्हाला विचारावं."

"मी देश नाय बगला, बाबा. धक्का बगला. आमाला खाली उतराला देत नवते. दिवे लय होते, येवरा सांगतो."

"माणसं कशी?"

"धक्क्यावरची मानसा सगलीकरं सारकीच. बिडी मागतान."

घरातून त्यांची सून ओरडली, "बाबा, त्यांनी एवढं लांबून येऊन विचारलं, नि तुमी बिडीवर काय गेलाव?" सगळे हसले. परतताना आप्पा गाडीत खिडकीशी बसले. मग म्हणाले, "हा माणूस खरा. ठाऊक नाही म्हणाला."

शेवटी साहेबांनीच एक नंबर दिला. त्या कारखान्यात एक मराठी मुलगी केमिस्ट होती, डोंबिवलीची, बरीच वर्षं तिथेच होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी फोन स्पीकरवर लावून आप्पांपुढे ठेवला.

"काका, अजिबात काळजी करू नका," ती म्हणाली. आवाज मोठा आणि हसरा होता. "इथे सगळं सेफ आहे. रस्ते इतके स्वच्छ की विचारू नका. आपलं जेवण मिळतं. वडापावसुद्धा मिळतो. डोंबिवलीसारखा नाही, पण मिळतो."

"आन् बातम्यांत दाखवतात ते?"

"ते खूप दूर आहे हो. आम्हाला पण बातम्यांतच दिसतं."

आप्पांनी पाण्याचं विचारलं, उन्हाचं विचारलं, दवाखाना किती लांब, साहेब लोक कसे, बायकांना वेगळी खोली का. सगळ्याची उत्तरं चांगली आली. आप्पांनी तिचे आभार मानले आणि फोन माझ्याकडे सरकवला. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"नको जाऊस," ते म्हणाले.

"का? सगळं चांगलंच तर सांगितलं तिनं."

"म्हणून तर."

हे कळायला चौकशीची रीत माहीत असायला हवी. चौकशीला आलेल्या माणसाला गावात कुणी वाईट सांगत नाही. आपल्या एका शब्दानं कुणाच्या पोराचं लग्न मोडलं, हे कुणालाच नको असतं. म्हणून मुरलेला माणूस काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं ते ऐकतो. गिरणीवाला पोराबद्दल भरभरून बोलला आणि बापाचं नाव निघाल्यावर पिठाच्या डब्याकडे वळला, तर बापाकडे बघायचं. आप्पांनी आयुष्यभर असं ऐकलं होतं. ताईच्या वेळी मात्र कुणीच काही गाळलं नव्हतं.

"त्या पोरीच्या बोलण्यात एक गाठ लागली नाही," आप्पा म्हणाले. "सगळं गुळगुळीत. त्या वक्ताला पण असंच होतं."

"मग कुठेच जायला नको, आप्पा. कल्याण स्टेशनला पण नको."

"कल्याणला काय झालं तर मी येतो तुला घ्यायला. चालत येतो. तिथं कसा येऊ?"

आप्पांकडे तर पासपोर्टही नव्हता. सोमवारी साहेबांना सांगायचं होतं. आप्पा मला न्यायला येऊ शकत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर हे काम माझ्या हातातून जाणार, हे मला दिसत होतं. आणि आप्पांचं चुकतंय असंही म्हणता येत नव्हतं.

ताई मशीनवरून उठली. गळ्यातली टेप काढून तिनं खिडकीच्या गजाला अडकवली.

"फोन लाव परत," ती मला म्हणाली. "आणि आप्पा, तुम्ही बोलू नका आता."

"तू काय विचारणार?" मी म्हणाले.

"लाव तर."

तिनं काहीच विचारलं नाही आधी. जेवलीस का म्हणाली. आज काय केलं होतंस म्हणाली. डोंबिवलीत घर कुठल्या बाजूला, आई काय करते, आईचे गुडघे दुखतात का. पलीकडचा आवाज हळूहळू खाली आला, बायका आपसात बोलतात तसा झाला. मग ताईनं विचारलं, "घरी कधी आली होतीस शेवटची?"

"भावाच्या लग्नाला."

"मग वेळेवर पोचलीस ना?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"लग्नाला पोचले," ती म्हणाली. "हळद चुकली."

"का गं?"

"पासपोर्ट मिळायला उशीर झाला. आमचे पासपोर्ट ऑफिसात असतात. सही करणारे साहेब गावाला गेले होते. मागितला की देतात, ताई, नाही असं नाही. पण मागावा लागतो."

"कुणाला?"

"कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला."

आप्पांनी मान खाली घातली. ताईनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं पुढचं विचारलं, "माझ्या बहिणीचा पण घेतील?"

"घेतील." आवाज आणखी खाली आला. "पहिल्याच दिवशी, नोंद करायची म्हणून मागतील. ती पाहुणी आहे, तिनं ठेवायला नाही दिला तर कुणी जबरदस्ती करणार नाही. पण त्या वेळी नाही म्हणायचं कुणाला सुचत नाही. तिला सांगा, समोर बसून नोंद करून घे आणि हातात घेऊनच ऊठ. आणि इकडच्या लोकांकडून आधीच लिहून घ्यायला सांगा, की पासपोर्ट तिच्याकडेच राहील. लिहिलेलं असलं की मग काही बोलत नाहीत. बाकी मी म्हणाले ते सगळं खरंच आहे हो, ताई. माणसं चांगली आहेत."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "माझ्याकडची पण चांगली होती."

ती मुलगी आता त्या कारखान्यात नाही. हे लिहू का म्हणून मी तिला विचारलं आहे.

फोन ठेवल्यावर ताई पाणी प्यायला आत गेली आणि बाहेर आली. आप्पा तसेच बसले होते.

"हे मी तुझ्या वक्ताला विचारायला पायजे होतं," ते म्हणाले.

"विचारलं असतं तरी गिरणीवाल्यानं थोडंच सांगितलं असतं?"

"मग कुणाला विचारायचं?"

ताई मशीनवर बसली. ब्लाउज हातात घेतला, शिवला मात्र नाही.

"थोरली जाऊ होती की. तुम्ही घर बघायला आला होता तेव्हा पाणी घेऊन तीच आलेली."

आप्पांनी डोळे मिटले.

"आलेली," ते म्हणाले. "तांब्या ठेवला, फुलपात्र ठेवलं. तरी जरा उभी राहिली. मी वर बघितलं नाही. दुसऱ्याच्या सुनेशी काय बोलायचं, म्हणून नाही बघितलं."

आमच्याकडे पुरुषानं पाहुण्या घरात जाऊन त्या घरच्या सुनेशी बोलणं शोभत नाही. गिरणी, चहाचं दुकान, न्हावी, सोसायटीचा सेक्रेटरी, एवढ्या सगळ्यांना आप्पांनी विचारलं होतं. त्या घरात बाहेरून येऊन राहिलेली एकच बाई होती. ती समोर येऊन उभी राहिली, आणि रीत पाळायची म्हणून आप्पांनी मान खाली घातली.

"तिला तरी कुठं सांगता आलं असतं, आप्पा," ताई म्हणाली. मग मशीन सुरू झालं.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं, जाते, पण पासपोर्ट माझ्याकडे राहील असं क्लायंटकडून लिहून हवं, आणि परतीचं तिकीट मला वाटेल तेव्हा अलीकडे घेता येईल असं हवं.

"आजवर कुणी असलं काही मागितलं नाही," साहेब म्हणाले.

"हो सर. आजवर कुणी विचारलं नसेल."

"त्यांना वाईट वाटलं तर? ऑर्डर मोठी आहे, तुला माहितीये. मला मग दुसऱ्या कुणाला पाठवावं लागेल."

"चालेल, सर," मी म्हणाले.

साहेबांनी मेल पाठवली. उत्तर लवकर येईना. रोज घरी आले की आप्पा दारातच विचारायचे, "आलं का?" त्यांना ते यायला हवं होतं की नको होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी मात्र मनातून ते काम सोडून दिलं होतं, आणि सोडल्यावर आपल्याला ते किती हवं होतं हे जास्त कळत होतं. मग एका सकाळी उत्तर आलं. दोन ओळींचं, सभ्य. आमची हरकत नाही, प्रशिक्षक आपला पासपोर्ट स्वतःजवळ ठेवू शकतात.

"एवढ्यासाठी मी घाबरत होतो," साहेब म्हणाले. मग जरा थांबून, "पुढच्या वेळी आपल्या फिटर लोकांसाठी पण हे लिहून घेऊ. त्यांचं मी कधी विचारलंच नाही."

त्या संध्याकाळी आप्पा 'जा' म्हणाले. ताईनं माझ्या सगळ्या कुडत्यांना आतून एक एक खिसा शिवला, पासपोर्ट बरोबर मावेल एवढा, वर चेन लावून.

पहिल्या दिवशी तिथल्या ऑफिसातल्या माणसानं खरंच हात पुढे केला. अगदी साधेपणानं, रोजचं काम म्हणून. मी म्हणाले, मी इथेच बसते. त्यानं चहा मागवला. नोंद केली. झेरॉक्स काढायला उठला, तर मी मागोमाग उठले. त्याला वाटलं मला त्यांचं झेरॉक्सचं मशीन बघायचंय. त्यानं मला झाकण उघडून दाखवलं, शाई कुठे भरतात तेही दाखवलं. मी मन लावून बघितलं. मग त्यानं पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि तो ताईच्या खिशात गेला.

शहर बातमीतल्यासारखं नव्हतं आणि त्या मुलीनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं तसंही नव्हतं. माझ्या हॉटेलच्या कोपऱ्यावर लष्कराची एक गाडी रोज उभी असायची आणि तिच्या पलीकडे मुलं फुटबॉल खेळायची. यंत्रावर शिकायला आलेल्या बायका रोज मला घरून काहीतरी खायला आणायच्या. एका दुपारी सगळ्यांच्या फोनवर एकदम संदेश वाजला आणि कारखाना लवकर सोडला. मी खोलीत बसून राहिले. रस्त्यावर माणूस नव्हता. शहाडहून आप्पांचा फोन आला.

"कुठं हाय?"

"खोलीत आहे, आप्पा."

"तू न्हाई. ते."

मी खिशावर हात ठेवला. "माझ्याजवळ आहे."

"बरं. मग झोप." आणि त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कारखाना नेहमीच्या वेळी उघडला. काय झालं होतं ते मला कुणी नीट सांगितलं नाही. काम ठरल्या वेळी संपलं आणि ठरल्या तिकिटावर मी परत आले.

तो देश सुरक्षित आहे का, असं मला आता ऑफिसातले लोक विचारतात. मला सांगता येत नाही. निघायचं ठरवलं असतं तर मला कुणाची परवानगी मागावी लागली नसती, एवढं सांगता येतं.

घरी आल्यावर ताईनं आधी पासपोर्ट मागितला. कपडे, खजूर, सगळं बाजूला ठेवलं. पान उघडून शिक्के बघत राहिली. "यातला गेल्याचा कुठला?" मी दाखवला. "आणि परत निघाल्याचा?" तो दाखवला. दुसऱ्या शिक्क्यावरून तिनं अंगठा फिरवला. शाई तिथे जरा पसरली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गावाकडून आमच्या चुलत्यांचा फोन आला. त्यांच्या नातीला स्थळ आलं होतं. दरवेळी विचारतात तसं त्यांनी विचारलं, जाऊन येता का म्हणून. आप्पा नेहमीचं वाक्य बोलतील म्हणून मी फोन परत घ्यायला हात पुढे केला होता.

"येतो," आप्पा म्हणाले. "पण एकटा न्हाई येणार."

त्यांनी ताईकडे बघितलं. ताईनं गिऱ्हाइकांचे ब्लाउज बाजूला ठेवले, मशीनवर कापड झाकलं.

रविवारी सकाळी मी त्यांना घाटाकडच्या एसटीत बसवून दिलं. आप्पा खिडकीशी बसले. ताई त्यांना काहीतरी सांगत होती. गाडी सुरू व्हायच्या आधी खाली उभी राहून मला एवढंच ऐकू आलं.

"तुम्ही बाहेर ओसरीवर बसा, आप्पा. पाणी मी आत जाऊन पिते."